सीटची उंची

आर्णीच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर एक नवरा-बायको होते. त्याच्या मांडीवर पान्ह्यांची पेटी होती.

"आता कुठी शर्यत हाये?"

"पहिले नाशिक, मंग बंगलोर. टीमच्या समद्या सायकलींचा मिस्त्री मीच."

"दिवसभर काय करता तिकडं?"

"शर्यतीआधी एकेकाची सीट बसवतो. ज्याचा पाय जेवढा, तेवढी उंची. मंग सीटच्या नळीवर टेप लावतो. कोणी सीट हलवली तरी पुन्हा तिथंच आणता येते."

"हं."

"रंजिता, स्टँडवर येतानी तू लंगडत काहून होती?"

"तुमची सायकल घेऊन वावरात जाते ना. पाय पुरत नाही. काल पडली."

"मंग सीट खाली कर. पान्हा घरीच हाये."

"येते मले सीट खाली करता."

"मंग काहून नाही केली?"

"तुमची सीट कुठवर होती, हे मंग कसं समजन? आपल्या सायकलले तुमी टेप लावलाच नाही."

गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. तो पेटी उघडून टेप शोधत राहिला.