राजाच्या लेकीचं लगीन लागत न्हाय

माझं माहेर केम गावचं, ताई, ठेसनाच्या अल्याडचं. लगीन होऊन सोलापुरात आले, मालक लवकर गेले, मागं राह्यलो मी अन् सासू. पाय माझा लहानपणापासनं अधू, मग बसून करायचं काम कुटलं, तर विड्या वळायच्या. वट्ट्यावर आमी चाळीतल्या बाया सुपं मांडीवर घिऊन बसतो अन् मी गोष्ट सांगते. माझ्या आईची गोष्ट हाय ती. राक्षसानं राज्याचं समदं पानी चोरून नेलं, ते आणायला राजाची लेक अन् लोहाराचा पोरगा रानात जात्यात. लई लांबते बगा. सांगताना हात मागं पडतो, मग ऐकनारी जी ती आपल्यातल्या थोड्या विड्या माझ्या सुपात टाकती, ही आमच्याकडची रीत. सासूनं मातर कदी एक टाकली न्हाय.

शेजारच्या खोलीत नरसय्या, तेलुगू मानूस, कापडाचा माग चालवतो. त्याची बायकोबी विड्या वळायची. तिचं विड्यांचं पुडकं कारखान्यात पोचवताना माझंबी न्यायचा, येताना पानं-तंबाखू आणायचा. माग चालवता चालवता गोष्ट ऐकायचा. राक्षस आला की भिंतीपल्याड माग थांबायचा, मला कळायचं, ऐकतोय.

मग काय सांगू तुमास्नी, त्याची बायको वारली. तरी त्यो माझं पुडकं नेतच राह्यला, अन् लोकांची तोंडं सुटली. सासूनं त्याला दारातच सांगितलं, उद्यापासनं येऊ नगंस. त्यो बरं अम्मा म्हणला अन् गेला. मला लई लागलं. भाऊ म्हणावं तर भाऊ न्हाय, दुसरं तर काईच न्हाय, पन माझं मानूस होतं की ते. पुडकं सासू न्यायला लागली, उनातानात, गुडघं धरत. अन् मी गोष्ट सांगायचे तर माग आपला खटखट चालूच, थांबायचा न्हाय.

तसंच एक दिवस गोष्ट शेवटाला आली. पानी आलं, राक्षस मेला. बाया म्हणल्या, आता दोगांचं लगीन लाव. मी म्हणले, न्हाय लागत. ती राज्य करती, त्यो भाता वढतो, अन् बाजारच्या दिशी ती त्याच्या भट्टीपाशी जाऊन बसती. मग लोकं बोलत न्हाईत व्हय, कुणीतरी म्हणलं. बोलत्यात की, मी म्हणले. मग राणी काय म्हणती? राणी म्हणती, रानात माझा डोळा लागायचा तवा ह्यो जागा ऱ्हायचा, तवा तुमी कुटं होता?

सासूनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या उचलल्या अन् माझ्या सुपात टाकल्या. सकाळी स्वता भिंतीपाशी जाऊन म्हणली, नरसय्या, पुडकं न्यायचंय.

सासू गेली आता, तिचं भलं होवो. आमीबी दोगं दमलो. नरसय्या पुडकं नेतो, पन वाटंत दोनदा बसतो. वट्ट्यावर नव्या सुना आल्यात, त्या म्हणत्यात, मावशी, एकदा तरी लगीन लाव की. तेच ते सांगून जीव थकतो, ताई. मी गप बसते. मग भिंतीपल्याडचा माग थांबतो, अन् तितनं नरसय्या म्हणतो, न्हाय लागत त्यांचं लगीन, तू म्होरं सांग.


मग मी म्होरं सांगते.