एकसुद्धा हलला नाही!

दवाखान्यात तापानं फणफणलेल्या नातवाला मांडीवर घेऊन आजी बसली होती. शेजारी पाय सुजलेली एक तरुण इंजिनिअर आणि तिचा भाऊ यांची बडबड काही थांबेना.

"दादा, अणूचे कण पळवणाऱ्या आमच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या भांड्याला एवढे थर्मामीटर चिकटवलेत, एकसुद्धा हलला नाही!"

"बंद पडले असतील."

"मुद्दाम चटका देऊन पाहिला, लगेच बोंबलले!"

"मग मागच्या खेपेला काय झालं होतं?"

"आत धुळीचा एक कण राहिला. तिथून इलेक्ट्रॉन उधळले आणि भांडं तापलं. या खेपेला मी माझ्या हातांनी धुतलं. बर्फाहून कितीतरी थंड अशा पातळ हेलियममध्ये बुडवून वीज वाढवत नेली, तरी गारेगार!"

"पाय कसा मुरगळला?" नर्सनं विचारलं.

"काहीच झालं नाही, म्हणून आनंदानं उडी मारली!"

आजी सरकून जवळ आली.

"पोरी, तो हात जरा आमच्या याच्या कपाळावर ठेव गं."