मधल्या ओळीची फळं

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आदरणीय नीलाबाई, मंचावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या फळबाग केंद्राचे प्रमुख धनराज कोहपरे साहेब, आणि समोर बसलेल्या माझ्या गोंडपिपरीच्या भावांनो, बायांनो, सर्वांना उमाजीचा नमस्कार. मी या केंद्रात एकोणीस वर्षं झाडांना पाणी देणारा माणूस. मास्तरांनी चार गोड ओळी लिहून दिल्या होत्या, त्या खिशातच राहू द्या.

साहेबांचं नाव आज ऑलिव्हमुळे आहे. खरं का नाई? आत्ताच पाहुणे बोलले, कमी पाण्यावर जास्त फळ, केवढा शोध! टाळ्या मीही वाजवल्या. पण हा शोध कोणाच्या हाडांवर लागला, ते कोणी सांगितलं नाही. ते मी सांगतो.

साहेबांच्या प्रयोगात ऑलिव्हच्या तीन ओळी होत्या. पहिलीला पोटभर पाणी, मधलीला निम्मं, तिसरीला त्याच्याही निम्मं. मधली ओळ कोलू आत्राम बघायचा. २००१ साली साहेब तीन महिने ट्रेनिंगला गेले. परत येऊन पाहतात तर पहिल्या ओळीत घराएवढी झाडं, नुसता पाला, फळ औषधालाही नाही. आणि मधल्या ओळीत? ठेंगणी झाडं, पण फांद्या फळांनी वाकलेल्या!

आता आपला मुलूख धानाचा. इथी दुष्काळात एखाद्याची धानाची बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, हिरवी दिसली, की त्यानं पाणी चोरलं हे शेंबडं पोरगंही सांगते. आणि पाणीचोराला आपण पहिले बदडतो, मग विचारतो. साहेबही धानवाल्याच्याच घरचे. शिकले म्हणून काय झालं?

"मधल्या ओळीला जास्तीचं पाणी कोणी सोडलं?" साहेबांच्या हातात फावड्याचा दांडा. समोर मी. मी बोट दाखवलं कोलूकडे. पाहिलं होतं का मी? नाई. मलेही वाटलं, पाण्याबिगर फळ येते कुठून! आणि दांडा आपल्यावर पडू नये, हेही वाटलं. आता खोटं काऊन बोलू?

"नाई सोडलं साहेब, माह्या पोरीची आन!" कोलू ओरडत होता. पहिला दांडा खांद्यावर, दुसरा बरगडीत. तो पडला तरी साहेब थांबले नाहीत. गुडघा फुटल्याचा आवाज मी दहा हातांवरून ऐकला. त्याची बायको गुणाबाई निंदण टाकून धावली, नवऱ्यावर आडवी पडली, तर तिच्याही पाठीवर दोन बसले. दांडा मोडला, तेव्हा मार थांबला. नीलाबाई, घड्याळ दाखवू नका. आज मी बसणार नाई.

पुढच्या वर्षी वॉल्वची किल्ली साहेबांनी स्वतःच्या कमरेला बांधली. मधल्या ओळीला निम्म्याच्या वर थेंब गेला नाही. फळं? तितकीच लदली! तेव्हा कुठे साहेबांना कळलं, की पाणी जास्त झालं तर हे झाड पाल्यातच रमते, थोडं तहानलं की फळ धरते. तिसरी ओळ मात्र खुरटली, म्हणजे पार उपाशी ठेवूनही चालत नाही. अहवाल गेला, बक्षीस आलं, पेपरात फोटो आला. कोलूला कोणी परत बोलावलं का? पाणीचोर म्हणून काढलेला माणूस. आजही त्याला कोणी आपल्या बांधीवर पाण्याला ठेवत नाही.

साहेब, मान खाली घालू नका. त्या दिवशी तो मोडका दांडा उचलून तुमच्या डोक्यात घालावा, असं वाटलं होतं मले. हात उठला नाई, कारण बोट माझंच होतं.

कोलूभाऊ तिकडे दाराशी काठी टेकून उभा आहे. मीच आणलं त्याले. कोलूभाऊ, सगळ्यांच्या देखत सांगतो, तू पाणी चोरलं नाई. मी खोटं बोललो, भेकड होतो. तुले वाटलं तर थुंक माह्या तोंडावर.

अध्यक्षांनी, पाहुण्यांनी आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. माझ्या शब्दांत काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. साहेब, माईक चालू ठेवून मी खाली उतरतो. कोलू पाणीचोर नव्हता, एवढं एक वाक्य बोला. मग खुशाल शाल घ्या.