गावातर्फे गंध

नाही, नाही, ते तू डोक्यातून काढूनच टाक पितांबर. सोयऱ्यांचं गंध सोयरे लावतील, त्यात मी पडत नाही— पण आज गावातर्फे तुझ्या कपाळाला जे गंध लागेल ते नीलेशभाऊंच्या हातचं. प्रेमराज सरांच्या नाही. अरे, सुतक सुटायची गंधमुक्ती अकराला, आता नऊ वाजून गेले, भाऊंच्या गाड्या चोपड्याहून निघाल्यासुद्धा असतील, आणि तू मला आत्ता सांगतोस? बस. आधी खाली बस. चुलत असलो तरी सात वर्षांनी थोरला आहे मी तुझ्यापेक्षा. बारा दिवस या मांडवात कोण बसलंय? मी. दारावर आलेल्या माणसाला पाणी कोणी विचारलं? मी. आणि मुंबईला विमानतळावर किरणची पेटी ताब्यात घेताना सही कोणी केली? तुला तर पेन धरवत नव्हतं. नाही, नावं नाही ठेवत, एकुलता एक पोरगा गेलाय तुझा— पण सही माझी आहे, एवढं ध्यानात ठेव.

काय? सर बरोबर होते? होते ना! मी कुठे नाही म्हणतोय? गेल्या वर्षी भाऊंनी मेळावा घेतला— तिकडे परदेशात लढाई सुरू आहे, त्यांचे गवंडी-सुतार बंदुका घेऊन गेलेत, बांधकामाला माणूस नाही, आपल्या पोरांनी जावं, पगार इथल्या चौपट, आणि लढाई काय, चार महिन्यांत आटोपते— तेव्हा सगळ्या तालुक्यात एकटे सर उठले होते. शाळेतला तो मोठा नकाशा घेऊन ग्रामसभेत आले. नकाशावर वीत ठेवून दाखवत होते, इथून सुटलेलं रॉकेट इथे पडतं, आणि आपली पोरं इथे परांचीवर असतील. म्हणाले, ही लढाई चार महिन्यांची नाही, चार वर्षांची आहे, आणि ज्यांनी सुरू केली त्यांनाही ती थांबवता येणार नाही. शब्दन् शब्द खरा होत चाललाय. शंभरपैकी शंभर मार्क. पण पितांबर, त्या दिवशी माइकची पिन कोणी काढली, सांगू? मीच. आणि पिन काढल्यावर सर नुसते तोंड हलवत राहिले, आवाज नाही, तेव्हा सभेत जे हसले त्यात तूही होतास. तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून. मी बघत होतो. म्हणजे आज बारा दिवसांत एकदम सर तुझे झाले, आणि त्या दिवशी?

हे बघ, दोघं उभे आहेत जिल्हा परिषदेला. दोघांना समोरासमोर ठेवून बघू, तुझं समाधान होऊ दे. सरांना लढाई कळली, मान्य. भाऊंना नाही कळली, तेही मान्य. पण तुला निवडून काय द्यायचंय, सेनापती? लढाई रोज टीव्हीवर दिसते, ती कुणालाही कळेल. माणूस कळायला पाहिजे. आणि जे आधी कळतं पण थांबवता येत नाही ना, त्याला मी अक्कल म्हणत नाही, त्याला मी पोपटपंची म्हणतो. सरांनी एक तरी पोरगा थांबवला का? आपल्या गावातून सहा गेले. सहाच्या सहा गेले. किरणला तर त्यांनी दोनदा घरी बोलावून समजावलं होतं— हो, मला माहीत आहे, मला सगळं माहीत असतं. मग? थांबला? पेटी आली तेव्हा सर कसे आले, एस्टीने, पिशवीत एक हार. बुडाखाली सतरंजी घ्यायचंही भान नाही, तसेच जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. रडायला काय लागतं? भाऊंनी धुळ्यापासून शववाहिकेपुढे दीडशे मोटरसायकली लावल्या. शिरपूरला माणसं हायवेच्या कडेला उभी होती हात जोडून. तुझ्या पोराला, जो इथे असता तर जन्मभर दुसऱ्याच्या केळीचे घड वाहत राहिला असता, त्याला हायवेवर माणसांनी हात जोडले. हे सरांकडून झालं असतं?

आणि आता तर भाऊ बदललेत. आज ते या मांडवात बोलणार आहेत— ‘या लढाईबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून शंका होती.’ बघतोस काय असा? मीच लिहून दिलंय ते. मग काय करणार? तिकडची लढाई थांबत नाही, इकडे पेट्या यायला लागल्या, माणसं विचारायला लागली. सरांचं जे खरं निघालं ते भाऊंनी बोलायचं, एवढंच. फरक काय पडतो? सर बोलले की ऐकणारी चाळीस माणसं, भाऊ बोलले की चार हजार. आणि ते बोलत असताना किरणचा बाप शेजारी, कपाळाला भाऊंच्या हातचं गंध— एक फोटो पितांबर, फक्त एक फोटो मागतोय मी. तेवढ्यावर बठ्ठं गावच्या गाव शांत होतंय. उद्यापासून कोणी विचारणार नाही की कोणी पाठवलं.

चौकातला फलक बघितलास ना? नाही बघितला? बारा दिवस दाराबाहेर पडला नाहीस, खरंच. मोठा आहे, दहा बाय वीस. ‘शांतता हीच खरी श्रद्धांजली.’ वर भाऊ, खाली किरण. छान आलाय किरण, हसतोय. मेळाव्यातलाच फोटो, व्यासपीठावर पोरं बसवली होती ना गळ्यात हार घालून, त्यातून कापला. फलकवाल्याने जरा हसरा करून दिला कॉम्प्युटरवर, कारण मूळ फोटोत तोंड अगदीच पडलं होतं त्याचं, म्हणजे फलकावर बरं दिसलं नसतं— का म्हणजे? का पडलं होतं? आता ते मी काय सांगू. असतं एकेकाचं. अरे नवीन जागा, घर सोडायचं, कोणत्याही पोराचं तोंड पडतं— त्यात ते आदल्या संध्याकाळचं— काही नाही. काही नाही म्हटलं ना. हात सोड. सांगतो, हात सोड आधी.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी आला होता माझ्याकडे. ओट्यावर बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, ‘आबा, माले नही जानं. बाबाले तुम्ही सांगा.’ बस, एवढंच. आता आपल्याकडे बाप-लेक असलं समोरासमोर बोलतात का? तू तुझ्या बापाशी कधी बोललास? काही विचारायचं तर माझ्या बापाकडे यायचास, तो तुझ्या बापाला सांगायचा. रीतच आहे ती. तसा तो माझ्याकडे आला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण पितांबर, व्यासपीठावर खुर्च्या चाळीस होत्या. भाऊंनी पेपरवाल्यांना चाळीस सांगून ठेवले होते. आणि मोजून एकोणचाळीस भरत होते. मी काय करायला पाहिजे होतं? मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या बापाने शब्द दिलाय, आता फिरलास तर तो गावात तोंड कसं दाखवेल. तेवढ्यावर उठून गेला. बापाचा मान ठेवणारा होता, आजकाल अशी पोरं मिळत नाहीत. आणि सकाळी तू आलास. काय विचारलंस, आठवतं? ‘त्यानी मर्जी शे का?’ मी म्हटलं, त्याची मर्जी? अरे उड्या मारतोय. तू म्हणालास, मग जाऊ दे.

असा बघू नकोस. यात माझा काय फायदा होता? पोराचं भलं व्हावं म्हणूनच केलं. आणि खरं सांगू, चूक तुझीच आहे. आठ दिवस तो घरात होता मेळाव्यानंतर. एका ताटात जेवलात म्हणे निघताना. एकदा तरी विचारायचंस, जातोस ना रे आनंदाने? तोंडात काय होतं तुझ्या? तू विचारलं नाहीस, तो बोलला नाही, आणि आता माझ्याकडे बघतोस. मी निरोप्या आहे. दोन्हीकडचे निरोप मी घरं राखायला जरा इकडे-तिकडे केले असतील, कोण करत नाही? लढाई मी लावली नाही. रॉकेट मी सोडलं नाही.

चल, ऊठ. तोंड धू. टोपी कुठे आहे तुझी? गाड्यांचा आवाज येतोय बघ फाट्यावर. हे आपल्या दोघांतलं, या मांडवाबाहेर— कोण आहे तिथे? दारात कोण उभं आहे? भागाबाई? पितांबर, किरणची आई कधीपासून उभी आहे? तिला आत ने. ऐकलं का, पाहुणे यायची वेळ झाली, तिला आत ने. तीस वर्षं झाली तिला या घरात येऊन, माझ्यापुढे, जेठापुढे, कधी पदर ढळू दिला नाही, सावली दिसली तरी आत सरकायची, आणि आज उघड्या डोक्याने— पदर घ्या, भागाबाई. माणसं येतायत. भाऊ येतायत. पितांबर, सांग ना तिला. अरे तू तिकडे कुठे निघालास? तिच्याजवळ का उभा राहिलास? इकडे ये. मी थोरला आहे या घरातला— पुढे येऊ नका, भागाबाई. तिथूनच बोला. नुसतं असं तोंडाकडे काय बघताय माझ्या? बोला काय बोलायचं ते. बोला—