हरभऱ्याला वळसा

जबाब. दिनांक ३ मार्च.

नाव: सुचिता धम्मरत्न तायडे. वय: २४ वर्षे. शिक्षण: बी.एस्सी. व्यवसाय: नोकरी, माती-पाण्याचे काम करणाऱ्या संस्थेत क्षेत्र सहायक. राहणार: वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा, हल्ली मुक्काम जळगाव जामोद.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी जळगाव जामोद येथे भाड्याच्या खोलीत एकटी राहते. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. चारचाकी मी त्यांच्याकडून शिकले. माझ्याकडे पक्के लायसन्स आहे. आमच्या घरात पदवी आणि पगाराची नोकरी माझ्यापासून सुरू झाली.

हारुका मोरी, वय २९, या वर्षभरापूर्वी जपानहून आमच्या संस्थेत मातीचा अभ्यास करण्यासाठी आल्या. मराठी सावकाश पण समजेल अशी बोलतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्यांना नेहमी जावे लागते आणि दरवेळी ड्रायव्हरची वाट पाहावी लागते, म्हणून त्यांनी लर्निंग लायसन्स काढले. त्यांच्या देशात त्या गाडी शिकल्या नव्हत्या. शिकवण्याचे काम मी आपणहून घेतले. बाईमाणसाने गाडीसाठी कुणावर अवलंबून राहू नये असे मला वाटते.

गिअर, क्लच त्यांना लवकर जमले. अडचण अशी होती की त्या सगळ्यांसाठी थांबत. शेळ्यांसाठी, वरातीसाठी, रस्त्यात मोटारसायकली लावून बोलत उभ्या असलेल्यांसाठीसुद्धा. मागून कुणी हॉर्न वाजवला तर काच खाली करून माफी मागत. मी त्यांना रोज सांगे, "इथे असंच असतं. हॉर्न द्यायचा आणि निघायचं." पुढे पुढे हे वाक्य बोलायचा मलाच कंटाळा येऊ लागला.

आम्ही सरावाला जातो त्या रस्त्यावर गोजरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने उपटलेला हरभरा डाव्या अर्ध्या रस्त्यावर पसरून कडेने दगड लावले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाके त्यावरून गेली की घाटे फुटतात आणि दाणा मोकळा होतो. आमच्याकडे हे सर्वांना ठाऊक आहे. हारुका मॅडमनी पहिल्या दिवशी गाडी अलीकडेच थांबवली. गोजरबाई उठून आली व म्हणाली, "काऊन थांबली वं बाई? जाऊ दे न चाकं वरून! म्हून त टाकला."

मॅडम म्हणाल्या, "आजी, हे खायचं आहे."

"खायचं हाय म्हून त तुडवायचं! अख्खी झाडं शिजवू का मी?"

त्या दिवशी मॅडमनी गाडी हरभऱ्यावरून नेली, पण पुढे गेल्यावर थांबून चाके तपासली.

दिनांक १ मार्च रोजी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही त्याच रस्त्याने जात होतो. गाडी हारुका मॅडम चालवत होत्या. मी शेजारी बसले होते. वेग कमी होता. हरभरा जवळ आल्यावर मी "वरून जाऊ द्या" असे म्हणाले. त्यांनी ऐकले असावे. तरी त्यांनी गाडी उजवीकडे घेतली आणि हरभऱ्याला वळसा घातला. समोरून त्याच रस्त्यावरच्या गावातले, ओळखीचे इंद्रभान काका मोटारसायकलवर येत होते. गाडी नेहमीप्रमाणे हरभऱ्यावरून जाईल असे धरून ते आपल्या बाजूने सरळ येत होते. गाडी अंगावर आल्याचे पाहून त्यांनी मोटारसायकल रस्त्याखाली उतरवली व ते नालीत पडले. त्यांचा डावा पाय मोडला.

त्यांना आमच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेले. मॅडम मागे काकांचा पाय धरून बसल्या म्हणून तेव्हा गाडी मी चालवली. दवाखान्यात सगळ्यांनी मलाच स्टिअरिंगवर पाहिले. पायाला फळी बांधत असताना इंद्रभान काका मला म्हणाले, "पोरी, तुमी हरभरा वाचवला न् मले आडवा केला." नंतर म्हणाले, "गाडी बाई चालवत होती, मी एवढंच पाह्यलं. कोणती, ते तू सांग."

त्याच संध्याकाळी संस्थेचे व्यवस्थापक चंद्रशेखर सर यांनी मला बोलावले. परदेशी बाईचे नाव आले तर प्रकल्प बंद होईल, तुझे लायसन्स पक्के आहे, गाडी मीच चालवत होते असे सांग, असे ते म्हणाले. नाही सांगितले तर उद्यापासून यायची गरज नाही, असेही म्हणाले. हारुका मॅडम तिथेच बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले, "सर म्हणतात, इथे असंच असतं. हो ना?"

मी म्हणाले, "नाही."

त्यानंतर त्यांना कामासाठी म्हणून अकोल्याला पाठवण्यात आले. त्यांचा फोन लागत नाही.

माझे वडील काल वडनेरहून आले. त्यांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "माय, पहिली नोकरी हाय आपल्या घरातली. घे आपल्यावर. पाय मोडला, जीव त नाही न गेला." रात्री आम्ही दोघे जेवलो.

हरभरा रस्त्यावर होता काय असे विचारल्यावरून सांगते की, होय. एवढ्याशा मालासाठी गोजरबाईकडे मळणी यंत्र कुणी नेत नाही, हेही सोबत लिहावे. तिच्यावर गुन्हा लागू नये अशी माझी विनंती आहे. विनंती जबाबात बसत नाही असे मला समजावण्यात आले, तरी ती लिहून घ्यावी.

गाडी कोण चालवत होते असे पुन्हा विचारल्यावरून पुन्हा सांगते की, गाडी हारुका मोरी चालवत होत्या. मी शिकवत होते. माझ्यावर त्याची जी जबाबदारी येईल ती मला मान्य आहे.

जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. वाचन चालू असताना बाहेर बाकावर बसलेले माझे वडील दारात येऊन उभे राहिले व त्यांनीही तो ऐकला. त्यांनी खिशातला पेन काढून माझ्यापुढे धरला. त्या पेनाने सही करते.

सुचिता धम्मरत्न तायडे