पाण्यात उतरणारी वाट

जरा जवळ सरका. शेकोटीत एक ढलपी टाका. आता ऐका.

माझा चुलता हैबती बाजारातून निघाला, तेव्हा अंधार पडला होता. घरी बायको बाळंत झालेली, पहिली मुलगी. तिच्यासाठी डिंक-खारीक घेतलेली. बरोबरीचे म्हणाले, रात्रीचा धरणाच्या कडेनं जाऊ नकोस, मुक्काम कर. तो हसला. म्हणाला, पोरीला अजून नीट बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही धरणच पाहिलंय. आमचं गाव त्याच्या तळाशी आहे. पाणी चढलं तसे आम्ही वर माळावर आलो. चौकटी उपसून आणल्या, जनावरं आणली. आता आपण इथले, असं मनाला सांगितलं. पायांना सांगायचं मात्र राहून गेलं.

तर हैबती चालला. डोक्यात पोरगी. पाय आपले आपण चाललेले. फाट्यावर वर वळायचं, तर पाय खाली वळले. जुन्या वाटेला. ती वाट सरळ पाण्यात उतरते. त्याला काही कळलं नाही.

आधी धुराचा वास आला. चुलीचा, शेणकुटांचा. ऐकताय ना? तिथं कुठली चूल? मग जात्याची घरघर आली. खालून. मग दिवा दिसला, जुन्या घराच्या कोनाड्यात असायचा तसाच, मिणमिणता. पायांना गार लागलं. त्याला वाटलं, ओढा आला. गावाच्या अलीकडे आमचा ओढा होताच.

आणि हाक आली. त्याच्या आईची. ती गाव उठायच्या आधीच गेलेली, तिथल्याच मातीत.

“हैबती, किती उशीर रं. ये आत.”

पाणी कमरेला लागलं, तरी तो चाललाच. आईनं बोलावल्यावर कोण थांबेल?

पण थांबला. आमच्यात अंधार पडल्यावर आलेल्याला तसंच आत घेत नाहीत. घरातली बाई भाकरीचा तुकडा नि तांब्या घेऊन दारात येते. तुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते, मगच उंबरा. त्याची आई तर अंगात ताप असला तरी उठून यायची. ती नुसतं ‘ये आत’ कशी म्हणेल?

त्यानं विचारलं, “आये, तुकडा कुठाय?”

जातं थांबलं. मग अगदी हळू आवाज आला.

“पीठ समदं भिजलंय रं, बाळा.”

दिवा विझला. पाणी छातीशी आलेलं. डिंकाची पिशवी डोक्यावर धरून तो माघारी फिरला. चिखल पाय सोडेना. वहाणा तिथंच राहिल्या, तो तेवढा निघाला.

घरी माझी आई तुकडा घेऊन दारात आली. ओवाळला. पायांवर पाणी घालायला वाकली आणि तशीच राहिली. माळाची माती तांबडी. त्याच्या पायांना काळी लागली होती, आमच्या गावची. कितीतरी वेळ तिला ती धुववेना.

लोक म्हणाले, चकवा होता. असेल. चुलता म्हणायचा, चकवा असता तर त्यानं भाकरी दाखवली असती.

तो पुढं रात्री कधी त्या वाटेला गेला नाही. दिवसा मात्र काठावर जायचा. कोरड्या पिठाची पुरचुंडी दगडावर ठेवून यायचा.

तुम्हीही फाट्यावरून रात्री खाली जाऊ नका. पाय वळतील, त्यांना थांबवा. आता उठा, उशीर झाला. आणि घरी गेलात की दारात उभे राहा. कुणी तुकडा घेऊन येईपर्यंत आत जाऊ नका.