उजव्या हाताचं फाटक

भाची : पुन्हा गेला, आत्या! फाटकासमोरून गेला आणि आत आलाच नाही.

आत्या : आवडली असेल गाडी. आवडीच्या गोष्टीवरून माणूस लवकर उतरत नाही.

भाची : चौथी फेरी आहे ही. आणि हात हलवत होता.

आत्या : बघ! खूश आहे.

भाची : बुडणारा माणूसही हात हलवतो.

आत्या : तुला चांगलं बोलायचं वावडं आहे का गं? मासिकवाला आहे तो. मातीच्या रिंगणात अण्णा शर्यती जिंकायचे तीच मोटरसायकल, आता दिवे लावून रस्त्यावर! असं छापून येऊ दे, मग बोल.

भाची : आणि नाही आलं, तर कारखाना गोदामवाल्याला द्यायचा, हेही तूच ठरवलंयस. म्हणून तर सांगत होते, उजवा फूटरेस्ट फार खाली आहे.

आत्या : अण्णांचा तिथेच होता. फोटोवर पट्टी लावून मापलाय मी. वारशात आपण बोटं घालायची नाहीत.

भाची : बोटं नाही गं, पाय ठेवायचा असतो त्यावर!

(टेबलावरचा फोन वाजतो. भाची स्पीकर लावते.)

पत्रकार : नमस्कार. मी समोरच्या फुटपाथला थांबलोय. गाडी देखणी आहे. आवाज तर फारच छान. फक्त एक शंका होती. ही उजवीकडे कशी वळवतात?

आत्या : कशी म्हणजे? हँडल धरून!

पत्रकार : ते केलं, बाई. उजवीकडे झुकवली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो, ठिणग्या उडतात. न झुकवता वळवावी, तर हँडल टाकीला अडतं. निघताना वॉचमननं गाडी रस्त्यावर उभी करून दिली, तेव्हा कळलं नाही. रस्ता एकेरी आणि तुमचं फाटक उजव्या हाताला. म्हणून मी आपला डावीकडे वळत वळत परत येतोय. आता इथले लोक ओळखायला लागलेत. एका आजींनी पाणी विचारलं.

भाची : थांबा तिथेच. आम्ही येतोय.

आत्या : फोन ठेवला का त्यानं?

भाची : ठेवला. आत्या, इतके महिने चाचण्या घेतल्या आपण! एकालाही कळलं नाही?

आत्या : घेतल्या कुठे? मागच्या रिंगणात. तिथे शर्यतीसारखं कायम डावीकडेच वळायचं.

भाची : अगं, आपल्याकडे चहाची ट्रॉलीसुद्धा डावीकडूनच वळते! माझी खोली उजवीकडे, आणि चहा अख्खा कारखाना बघून, गार होऊन येतो. मला वाटायचं ही भक्ती आहे. हा आजार आहे!

आत्या : अण्णांची शिस्त आहे ती.

भाची : मग त्यांच्याबरोबर पळणाऱ्या एकाही गाडीला असा फूटरेस्ट का नाही? सगळे जुने फोटो पाहिले मी. काय शास्त्र होतं त्यात? तू तो फ्रेमला वेल्ड करून घेतलायस. कापायचा तर कळू दे, काय कापतेय.

आत्या : शास्त्र कसलं. गुडघा.

भाची : कुणाचा?

आत्या : अण्णांचा. उजवा वाकायचाच नाही. पाय सरळ सोडावा लागायचा. शर्यतवाल्यांना कळलं असतं तर उतरवलं असतं त्यांना. आईनं बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही. तुझा बाप तेव्हा पाळण्यात होता.

भाची : म्हणजे वारसा म्हणून आपण आजोबांचा गुडघा विकतोय.

आत्या : हळू बोल.

भाची : आणि तू माहीत असून तो पट्टीनं मापलास!

आत्या : मग काय, फूटरेस्ट वर घ्यायचा? त्या गाडीत तेवढंच तर अण्णांचं होतं. बाकी कुणाचीही गाडी.

भाची : बरं. रिंगणात चाललं. पण घरी कसे यायचे गं ते? आपली गल्लीही उजवीकडेच.

आत्या : कोपऱ्यावर उतरायचे. मी वाट बघत उभी असायचे. ते हँडल धरायचे, मी मागून ढकलायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या गाड्या अशाच घरी येतात.

भाची : आत्या, फूटरेस्ट मी कापणार आहे.

आत्या : काप. त्या माणसाला मी सांगते तो का होता ते. मग काय छापायचं ते छापू दे.

भाची : तू बस. मी आणि वॉचमन आणतो गाडी ढकलत.

आत्या : सरक. तू हँडल धर. मागची बाजू माझी.